कॅस्ट्रोच्या रांगेत भेटलेली पेणची बाई: ज्यू चित्रपट महोत्सवाविषयी

सई_बे
गेली बारा-तेरा वर्षं जुलै आला की माझी एक आठवड्याची रजा ठरलेली. सान फ्रान्सिस्कोचा ज्यू चित्रपट महोत्सव. "तू ज्यू नाहीस, तुझा काय संबंध?" हे सासरच्यांनी, मैत्रिणींनी, ऑफिसातल्यांनी इतक्यांदा विचारून झालंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

हा महोत्सव १९८० साली डेबोरा कॉफमन यांनी सुरू केला. ज्यू चित्रपटांना वाहिलेला जगातला पहिलाच. हॉलिवूडमध्ये निर्माते ज्यू, लेखक ज्यू, तरी पडद्यावर दिसणारा ज्यू माणूस बहुतेकदा ठरावीक साच्यातला. त्यापलीकडचे चित्रपट छोटे दिग्दर्शक काढत होते, पण त्यांना थिएटर कोण देणार? पहिला महोत्सव रॉक्सी नावाच्या लहानशा थिएटरात झाला, मग तो वाढत वाढत कॅस्ट्रो या मोठ्या थिएटरात आला. १९९० साली तर या मंडळींनी थेट मॉस्कोत जाऊन महोत्सव भरवला. सोव्हिएत राजवट तेव्हा अजून उभी होती, आणि हिब्रू शिकवणाऱ्यांना तिथे तुरुंगात टाकत त्याला जेमतेम काही वर्षं झाली होती. आता टोरोंटो, लंडन, न्यूयॉर्क, अटलांटा, कितीतरी शहरांत असे महोत्सव होतात. पण सुरुवात इथली.

मी सांगतेय ते कॅस्ट्रो थिएटर जुन्या रूपात होतं तेव्हाचं. १९२२ सालची इमारत, चौदाशेच्या आसपास खुर्च्या, आणि खेळाआधी वाजणारा ऑर्गन. वादक वाजवता वाजवता शेवटच्या सुरावर ऑर्गनसकट खाली जायचा आणि दिवे मालवायचे. त्या क्षणी अख्खं थिएटर टाळ्या वाजवायचं, दर खेळाला.

तर एका दुपारी बाहेर रांगेत उभी होते. फोनवर आईशी बोलत होते, तिच्या गुडघ्याचं काहीतरी. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "तुम्ही मराठी का हो?" वळून बघते तर सत्तरीच्या पुढच्या एक बाई. फुलाफुलांचा झगा, गळ्यात बारीक साखळी, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "मी पेणची. लग्नानंतर इस्रायलला गेले. आता लेकीकडे आलेय इथे." मग त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात चुरमुऱ्यांचा चिवडा होता. रांगेत उभ्या उभ्याच दोघींनी खाल्ला.

चित्रपट होता १९३०च्या दशकात पोलंडमध्ये काढलेला, यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला. आम्ही शेजारी बसलो. आणि एक गोष्ट लक्षात आली. आमच्या पुढच्या चार-पाच रांगांत खूप म्हातारी माणसं होती. पडद्यावर कुणी काही बोललं की ती सबटायटल यायच्या आधी हसायची. बाकीचं थिएटर दोन सेकंदांनी, वाचून झाल्यावर हसायचं. आम्ही दोघी त्या दुसऱ्या लाटेत. मध्यंतरात बाई म्हणाल्या, "आमच्यात यिद्दिश नाही हो. आमची मराठीच. असं आधी हसायला मिळालं पाहिजे एकदा."

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. बेने इस्रायली लोक मराठी बोलणारे, कोकणात शेकडो वर्षं राहिलेले. त्यांच्या गोष्टी सांगणारे चित्रपट किती? आणि त्यांतले मराठीत किती? मी या महोत्सवाला जाते ते उत्तम चित्रपट बघायला मिळतात म्हणून तर आहेच. पण आपला समाज विखुरलेला असतानाही आपली भाषा, आपली भांडणं, आपली म्हातारी माणसं पडद्यावर कशी जपायची हे यांच्याकडून शिकावं असंही वाटतं. तुमच्यापैकी कुणी असे महोत्सव, असे चित्रपट पाहिलेत का? विशेषतः बेने इस्रायलींशी नातं असलेलं काही?

रेवदंडा
सईताई, अलिबागकडचा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे 'शनवार तेली' हा शब्द अजून जुन्या लोकांच्या तोंडी आहे. बेने इस्रायली लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. नवगावला त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं ते परंपरेने सांगतात. तिथे स्मारकही आहे. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आम्ही 'मशीद' म्हणूनच ओळखायचो, तेही तसंच म्हणायचे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एलियाहू हनावी या ज्यूंच्या प्रेषिताच्या रथाच्या खुणा दाखवतात. इस्रायलहून आलेली कुटुंबं तिथे अजून मलिद्याचा नवस फेडायला येतात. पोहे, खोबरं, साखर, सुकामेवा, वर फळं.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारचं घर बंद असायचं. कुलूप लावून गेले ते परत आलेच नाहीत. आई दर दिवाळीला त्यांच्याही उंबऱ्यावर पणती ठेवायची. यावर कुणी चित्रपट काढला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

जुनापुणेकर
सुंदर लिहिलंय. पण एक आठवण करून देतो. बेने इस्रायली पडद्यावर कमी दिसले तरी पडद्यामागे ते अगदी पहिल्यापासून आहेत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, आपला पहिला बोलपट. तो जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून घेतलेला. पेणकर! तुमच्या रांगेतल्या बाईंच्या गावचं आडनाव. हिंदुस्थानी सिनेमा पहिल्यांदा बोलला तो कोकणी ज्यू माणसाच्या लेखणीतून. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, आमच्या पुण्यात जन्मल्या. टेलिफोन ऑपरेटर होत्या, तिथून मूकपटात आल्या. १९२७च्या एका चित्रपटात त्यांनी आठ भूमिका केल्या. त्यांचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त, असं तेव्हा लोक बोलायचे. 'अनारकली' त्यांनी मूकपटात केली, मग बोलपटात केली, आणि १९५३च्या 'अनारकली'त सलीमच्या आईचं काम केलं. पुढे फाळके पुरस्कार मिळाला. प्रमिला, म्हणजे एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, १९४७ची पहिली मिस इंडिया. 'आन'मधली नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल. या तिघी ज्यूच, पण बेने इस्रायली नव्हे, बगदादी ज्यू घराण्यांतल्या. अशा बायका पुढे येऊ शकल्या, कारण मूकपटांच्या काळात हिंदू-मुसलमान घरांतल्या बहुतेक मुली कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. त्या आल्या नसत्या तर सुरुवातीच्या सिनेमाच्या नायिका कोण झाल्या असत्या, विचार करा.

आणि डेव्हिड. डेव्हिड अब्राहम चेऊलकर, ठाण्यात जन्मलेले. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा. तो माणूस पडद्यावर आला की घरातलं कुणीतरी आल्यासारखं वाटायचं.

सई_बे
जुनापुणेकर, मनापासून आभार. याच विषयावर डॅनी बेन-मोशे या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा 'शालोम बॉलीवूड' हा माहितीपट २०१७ साली आला. बनवायला दहा वर्षांहून जास्त लागली. मी तो इथल्या एका ज्यू सामाजिक केंद्रातल्या छोट्या महोत्सवात पाहिला. सुलोचना, प्रमिला, नादिरा, डेव्हिड सगळे त्यात आहेत. माझ्या शेजारी एक अमेरिकन ज्यू जोडपं होतं. संपल्यावर त्यातली बाई मला म्हणाली, "आमचे लोक तिथेही होते, आणि तिथे त्यांना कुणी मारलं नाही?" मी म्हटलं, नाही, शेजारी राहायचे. ती बराच वेळ नुसती बसून राहिली.

शुभ्रा
मी मुंबईतूनच लिहितेय, महोत्सव वगैरे नाही, घरी पाहिलेल्या चित्रपटाबद्दल. 'गेट' नावाचा इस्रायली चित्रपट, २०१४चा, रोनित एल्काबेत्झ आणि तिच्या भावाने मिळून दिग्दर्शित केलेला. गेट म्हणजे ज्यू घटस्फोटाचा कागद. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, लावतात आणि काडीमोड त्यांच्या न्यायालयातच होतो, आणि नवऱ्याने गेट दिल्याशिवाय बाई सुटत नाही. पूर्ण चित्रपट त्या न्यायालयाच्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत आणि बाहेरच्या बाकड्यावर. पाच वर्षं तारखा. नवरा मारत नाही, पीत नाही, फक्त 'देत नाही' म्हणतो.

एका प्रसंगात ती केस मोकळे सोडते आणि न्यायाधीश चिडून तिला केस बांधायला सांगतो. बस, एवढंच. मी माझ्या बहिणीबरोबर कौटुंबिक न्यायालयाच्या बाकड्यावर तीन वर्षं बसलेय. तिथे साडी नेसून यायला सांगायचे वकील, ड्रेस नको म्हणायचे. रात्री दोन वाजता चित्रपट संपला आणि बहिणीला मेसेज केला, जागी आहेस का. जागी होती.

अक्षय_ठाणे
मला प्रामाणिकपणे विचारायचंय, कुणाला दुखवायचं नाही. गाझात गेल्या काही वर्षांत जे झालं ते रोज बघतोय. तिथली मुलं, ती रुग्णालयं. अशा वेळी इस्रायली चित्रपटांचा उत्सव करणं म्हणजे त्या सरकारची प्रतिमा उजळणं नाही का? ज्यू समाज वेगळा आणि इस्रायल सरकार वेगळं हे मला कळतं. पण महोत्सवात दोन्ही एकत्रच येतात ना?

सई_बे
अक्षय, बरं झालं विचारलंत. हा प्रश्न महोत्सवाच्या आतही आहे, आणि आजचा नाही. २००९ साली याच महोत्सवाने 'रेचेल' हा माहितीपट लावला. रेचेल कोरी ही तेवीस वर्षांची अमेरिकन मुलगी २००३ साली गाझात घर पाडायला आलेल्या इस्रायली लष्कराच्या बुलडोझरसमोर उभी राहिली आणि त्याखाली मेली. महोत्सवाने चित्रपटानंतर बोलायला तिच्या आईला बोलावलं. समाजातूनच केवढा गदारोळ! देणग्या बंद करण्याच्या धमक्या, राजीनामे. खेळाआधी विरोधी बाजूच्या माणसालाही मंचावर बोलायला दिलं, तेव्हा सभागृहात ओरडाआरडा झाला. पण चित्रपट दाखवला गेला आणि आई बोलली.

'अजामी' घ्या, २००९चाच. याफातल्या अरब वस्तीची गोष्ट, एक दिग्दर्शक पॅलेस्टिनी, एक ज्यू, दोघांनी मिळून केलेली, आणि कलाकार त्याच वस्तीतली साधी माणसं. सरकारवर सगळ्यात कडक चित्रपट इस्रायली दिग्दर्शकांनीच काढलेत, पुष्कळदा सरकारी निधीतून, आणि त्यावरून तिथल्या मंत्र्यांशी त्यांची भांडणंही झालीत. मी तिथे जाते ते ही भांडणं ऐकायला जाते. गाझाबद्दल तुम्हाला जे वाटतं ते मलाही वाटतं. मागच्या वेळी एका चर्चेत दोन सख्ख्या बहिणी एकमेकींशी विरुद्ध बोलल्या आणि दोघी रडल्या. मी कुणाची बाजू घेऊन उठले नाही, पण ते ऐकल्याशिवाय राहिले असते तर मला अपुरं वाटलं असतं.

मुक्ता_कॅनडा
आमच्या प्रांतात हॅमिल्टन शहरातला ज्यू चित्रपट महोत्सव २०२४ साली होणार होता, आणि चित्रपटगृहाने सुरक्षेचं कारण सांगून जागा नाकारली. वर्तमानपत्रांत बरंच आलं होतं. अक्षयचा मुद्दा मला कळतो. पण थिएटरचं दारच बंद झालं तर 'रेचेल'सारखा चित्रपटही दिसणार नाही आणि त्यावरचं भांडणही होणार नाही. मला ते जास्त भीतिदायक वाटतं.

अक्षय_ठाणे
सईताई, मुक्ता, समजलं. 'अजामी' या शनिवारी बघतो. माझं मन पूर्ण बदललं असं नाही म्हणणार.

सिनेकार
एका चित्रपटाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९२४ सालचा ऑस्ट्रियन मूकपट, 'ज्यूंविना शहर'. एका शहरात महागाई, बेकारी, आणि सत्ताधारी ठरवतात की सगळ्याला ज्यू कारणीभूत, त्यांना हाकला. ते आगगाड्यांत बसून जातात. मग दुकानं ओस पडतात, नाटकं बंद होतात, व्यापार बसतो, आणि शेवटी त्यांना परत बोलवावं लागतं. हे १९२४ साली! ज्याच्या कादंबरीवरून हे घेतलं त्या ह्युगो बेटाउअरला पुढच्याच वर्षी एका नाझी माणसाने गोळ्या घातल्या. चित्रपटाची अख्खी प्रत सापडत नव्हती. २०१५ साली पॅरिसच्या जुन्या बाजारात एक प्रत मिळाली, ऑस्ट्रियाच्या फिल्म अर्काइव्हने लोकांकडून वर्गणी काढून ती दुरुस्त केली आणि २०१८ साली पुन्हा दाखवली. आता जगभरच्या महोत्सवांत समोर वादक बसवून दाखवतात.

मी ती प्रत युरोपात एका कामासाठी गेलो असताना पाहिली. नव्याने सापडलेल्या भागात ज्यू कुटुंबं बर्फातून चालत निघालेली दिसतात, पाठीवर गाठोडी. समोर व्हायोलिन वाजवणारी मुलगी त्या दृश्याला थांबली. वाजवलंच नाही काही. फक्त प्रोजेक्टरचा आवाज. मागून कुणीतरी खोकलं तेही नकोसं वाटलं.

जुनापुणेकरांनी 'आलम आरा'चं लिहिलं म्हणून हे आठवलं. पॅरिसच्या भंगारात मिळू शकतं, तर आपल्याकडे एखाद्या गोदामात का मिळू नये? कुणी शोधायला हवं.

लोदची_लेक
नमस्कार. मी इथे नेहमी नुसती वाचते, आज लिहितेय. आम्ही बेने इस्रायली. मी इस्रायलमधल्या लोदला जन्मले, मराठी आजीकडून शिकले, देवनागरी मोठेपणी शिकले, चुका झाल्या तर माफ करा. आमच्याकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं, त्यातून वाचायची सवय लागली.

सईताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'द बँड्स व्हिजिट' पाहिला असेल. अलेक्झांड्रियाच्या पोलिसांचं वाद्यवृंद पथक पेताह तिक्वाला जायच्या ऐवजी चुकून बेत हतिक्वा नावाच्या आडगावात पोचतं, कारण अरबीत 'प' नाही, 'ब' होतो. सगळी गोष्ट त्या एका अक्षराची. ते गाव काल्पनिक, पण चित्रीकरण नेगेव्ह वाळवंटातल्या येरुहामला झालं. येरुहामला, दिमोनाला आपले लोक खूप. दिमोनात कढीपत्ता मिळतो, पापड मिळतात. म्हणून तो चित्रपट बघताना मी गोष्टीपेक्षा मागच्या इमारती बघत होते. शुभ्राताई, त्यात खाणावळ चालवणारी बाई म्हणजे तुमच्या 'गेट'मधलीच रोनित एल्काबेत्झ. २०१६ साली गेली ती, फार लवकर.

दुसरा, अवी नेशेरचा २००४चा. नाव साधारण 'जगाच्या टोकाला डावीकडे वळा' असं होतं. साठच्या दशकात नेगेव्हमधल्या वसाहतीत भारतातून आलेलं कुटुंब आणि मोरोक्कोहून आलेले शेजारी. त्या कुटुंबाचं आडनाव तळकर! वडिलांचं काम परमीत सेठीने केलंय. त्यात क्रिकेटची मॅच आहे. थिएटरात माझे बाबा उभे राहून ओरडले होते. पण ते कुटुंब घरात इंग्रजी बोलतं. आजी म्हणाली, "आम्ही कधी बोललो असं? मुंबईहून आलेले आम्ही, मराठी बोलायचो."

एक गोष्ट कुणीच चित्रपटात नीट दाखवली नाही. इथे आल्यावर रब्बींनी आमच्या लोकांची लग्नं लावायला नकार दिला, म्हणाले आधी पूर्वज तपासा. १९६२ पासून आंदोलन चाललं. आजोबा जेरुसलेमला धरण्याला बसले होते, आजी घरून भाकऱ्या करून पाठवायची. १९६४ साली संसदेने ठराव केला की बेने इस्रायली पूर्ण ज्यू आहेत. घरी त्या दिवशी मलिदा झाला. यावर चित्रपट व्हायला हवा, आणि तो मराठीत व्हायला हवा. आजी अजून योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, 'दारफाळणीचा सण' म्हणते आणि तिशा बे-आवला, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या शोकदिनाला, 'बिरड्याचा सण'. वाल मोड आणून.

रेवदंडा
ताई, बिरड्याचा सण वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या आईने शेजाऱ्यांकडून शिकलेलं बिरडं ती 'ज्यूंचं बिरडं' म्हणायची. कधी आलात तर घर इथेच आहे.

सई_बे
लोदची_लेक, आजींचं वय काय? त्यांना बोलतं करून फोनवर रेकॉर्ड कराल का? धरणं, भाकऱ्या, अलिबाग-मुंबईचं सगळं. घाई करा असं स्पष्टच सांगते. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात १९७६ पासून यिद्दिश चित्रपटांच्या प्रती गोळा करून दुरुस्त करतात, म्हणून त्या दिवशी कॅस्ट्रोत ती म्हातारी माणसं हसू शकली. आपल्याकडे निदान आवाज तरी साठवू. भाषांतर आणि सबटायटलचं काम मी करते, आणखी दोघं-तिघं मिळालो तर फार बरं.

शुभ्रा
मी आहे.

सिनेकार
संकलन माझ्याकडे.

जुनापुणेकर
टिपा लिहायला आणि नावं-गावं तपासायला मी. लाल देऊळ, म्हणजे पुण्यातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, इथून चालत दहा मिनिटांवर आहे, तिथल्या ओळखी आहेत.

लोदची_लेक
आजी एक्याण्णव. काल शनिवारचा शब्बाथ संपल्यावर गेले होते. आधी रेकॉर्डिंग केलं नाही, ती लाजते. म्हणून टीव्हीवर 'बूट पॉलिश' लावला. माझी मुलं, भावाची मुलं, सगळी जमिनीवर बसलेली, एकालाही हिंदी कळत नाही, हिब्रू सबटायटल नव्हतीच. आजी खुर्चीत. मी फोन तिच्या मागच्या कपाटावर उभा ठेवून चालू केला.

चौदा मिनिटं तिने काही म्हटलं नाही. मग डेव्हिड आले, डोक्यावर टक्कल, तो हसरा चेहरा. पोरं माझ्याकडे बघतायत की हा कोण. त्यांना कुणी काही सांगायच्या आत आजी हसायला लागली होती. पदराने तोंड पुसत म्हणाली, "आला बघ आपला चेऊलचा." आणि पुढचा पाऊण तास बोलतच होती. फाईल मोठी आहे, सईताई, कुठे पाठवू ते कळवा.